जुन्या पार्टातला म्हातारा

काल्हेरच्या धोंडूबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि व्हिडिओ गेम खेळायचा म्हणून तिनं जन्मात कधी एक बटण दाबलं नव्हतं. तरीही दापोड्यापासून वडप्यापर्यंत ज्याचं ज्याचं गेमचं दुकान होतं, तो तो मारामारीचा नवा गेम विकत घेण्याआधी तिच्या ओट्यावर येऊन बसायचा. "मावशी, नवा पार्ट आलाय, घेऊ का?" एवढं विचारायचा आणि चहा येईपर्यंत गप्प राहायचा. मग मावशी जे सांगेल ते शेवटचं.

हसू येत असेल त्यांनी जरा दम धरावा. धोंडूबाईची चाळीस वर्षं भिवंडीच्या बाजारात मासळी विकण्यात गेली होती. कालच्या मासळीवर बर्फाचं पाणी मारून ती आजची म्हणून कशी खपवतात, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. ते तिनं स्वतःही केलेलं होतं, आणि विचारलं तर ती ते कबूलही करायची. गिऱ्हाईक माशाच्या अंगावरची चमक बघतं, जाणता माणूस कल्ला उघडून बघतो, असं ती म्हणायची. गेमच्या बाबतीतही तिनं आपला कल्ला शोधून काढला होता.

कंपनी मारामारीचा एक गेम काढते. त्यात दहा-बारा लढवय्ये असतात, पोरं त्यांच्यावर जीव टाकतात. वर्षा-दीड वर्षानं तोच गेम पुन्हा येतो. लढवय्यांचे कपडे बदललेले, मागचा देखावा बदललेला, दोन-तीन नवे गडी भरलेले, वेग थोडा वाढवलेला आणि नावापुढे एक आकडा चिकटवलेला. पोरं त्याला नवा पार्ट म्हणतात. दुकानदारानं, ज्यात गेम भरलेला असतो तो जुना बोर्ड व्यापाऱ्याला परत करायचा, वर चांगली रक्कम मोजायची आणि नवा बोर्ड त्याच लाकडी खोक्यात बसवायचा. रक्कम फुकट गेली तर सहा महिन्यांची कमाई पाण्यात, म्हणून सगळे धोंडूबाईकडे धावायचे.

तिची रीत सोपी होती. नवा पार्ट जिथे पहिला लागेल तिथे ती दहाव्या दिवशी जाऊन बसायची. नव्याची नवलाई नऊ दिवस, ही म्हण ती अगदी बोटं मोजून पाळायची. पडद्याकडे ती बघतच नसे, पोरांची तोंडं बघे. हरलेला पोरगा खिशात हात घालतो की दाराबाहेर बघतो, यावर तिचा निकाल ठरे. आणखी एक गोष्ट ती पोरांना विचारी. "नवे गडी ऱ्हाऊ दे. जुन्या गड्याला तुझा हात अजून वळखतो का, ते सांग." एकदा वडप्याच्या एका दुकानदाराला तिनं तोंडावर सांगितलं होतं, "घेव नको. ह्यो नवा न्हाय, धुतलेला हाय." त्यानं ऐकलं नाही आणि दिवाळीपर्यंत खोकं विकून मोकळा झाला. तेव्हापासून तिच्या शब्दाला धार आली.

आता मासळीवाली बाई गेमच्या दुकानात बसली कशी, तर तिच्या धाकट्या मुलामुळे. काल्हेरची शेतं गोडाऊनवाल्यांनी घेतली तेव्हा बाकीच्यांनी आलेल्या पैशातून गाड्या घेतल्या, लग्नं उरकली. धोंडूबाईनं रस्त्याकडेला दोन गाळे बांधले. थोरला दीपेश शहाणा, तो एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर म्हणून लागला. धाकटा भाविक लाडावलेला, त्याला नोकरीचं नाव काढलं की पोटात दुखे. त्यानं एका गाळ्यात गेमची दोन मशीनं आणून ठेवली. आईनं त्याला महिनाभर शिव्या दिल्या. मग गोडाऊनचे हमाल, ट्रकचे क्लीनर आणि शुक्रवारी कापडाचे लूम बंद असले की भिवंडीहून सायकली मारत येणारी पोरं यांनी गाळा भरलेला बघून तिच्या शिव्या आटल्या.

भाविक स्वतः खेळायचा ते एका म्हाताऱ्या लढवय्याला घेऊन. पांढरी दाढी, सैल बाह्यांचा अंगरखा, चालणं सावकाश. पोरांच्या लेखी तो टाकाऊ माल. पण भाविक त्याला असा खेळवायचा, की चपळातली चपळ पोरं मार खाऊन उठायची. "आये, बघ माझ्या म्हाताऱ्यानं कसा लोळवला," म्हणून तो तिला हाका मारायचा. ती बसल्या जागेवरून बरं बरं म्हणायची आणि सुकट निवडत राहायची.

दोन हजार चारच्या श्रावणात भाविकला कावीळ झाली. अकरा दिवसांत तो गेला, बावीस वर्षांचा. त्याबद्दल धोंडूबाई नंतर कधी बोलली नाही, आणि आपणही तिथे थांबायला नको. तेराव्यानंतर तिनं गाळा उघडला आणि स्वतः भाविकच्या स्टुलावर बसली. दीपेश म्हणाला, मशीनं विकून टाकू. ती म्हणाली, टाकू ना, आधी गणपती होऊ दे. गणपती झाले, दिवाळी झाली, मग तो विषय कोणी काढला नाही.

एक गोष्ट कोणी न सांगता झाली. त्या गाळ्यात त्यानंतर कुठल्याच पोरानं म्हाताऱ्याला खेळायला घेतलं नाही. बाहेरगावचा एखादा हमाल निवडायला गेला, तर बाकीची पोरं त्याचा हात धरून दुसऱ्यावर नेत. मशीन मात्र म्हाताऱ्याला समोरून पाठवायचंच, प्रतिस्पर्धी म्हणून. तेव्हा पोरं जरा शांत होऊन खेळत. धोंडूबाई ते बघे आणि सुपारी कातरत राही.

दुपारी एक ते अडीच गाळ्यात कोणी नसायचं. गोडाऊनची जेवणाची सुट्टी संपलेली असे, पोरं शाळेत असत, रस्त्यावर कंटेनर तेवढे जात. ही भर दुपार आपल्याकडे चांगली समजत नाहीत. तिची सून त्या वेळी पोरीला अंगणातही सोडत नसे. धोंडूबाई मात्र या वेळात काच पुसायची.

भाविकला जाऊन तीन-चार महिने झाले असतील. एका दुपारी ती काच पुसत असताना तिचा फडका बटणावर दाबला गेला. कोणा पोराचं नाणं मशीनमध्ये शिल्लक होतं, गेम सुरू झाला. लढवय्या निवडायचा असतो हे तिला ठाऊक होतं, पण ती हात लावीना. वेळ संपल्यावर मशीननं आपणच तिच्यासाठी कोपऱ्यातली एक दोन वेण्यांची पोरगी निवडली, आणि समोर आला म्हातारा.

ती फडका हातात धरून उभी राहिली. आता मारणार आणि खेळ संपणार, असं तिला वाटलं. म्हातारा पडद्याच्या पार त्या टोकाला उभा होता. त्याची छाती वर-खाली होत होती, बाह्या हलत होत्या. वरचा आकडा नव्व्याण्णवपासून उतरत होता. इंग्रजी आकडे तिला वजनकाट्यावरून वाचता येत. नव्वद झाले, सत्तर झाले, चाळीस झाले. म्हातारा जागचा हलला नाही. शून्य झालं, दुसरी फेरी आली, तिसरी आली. तिन्ही फेऱ्या तो तिच्याकडे तोंड करून नुसता उभा होता. मग पडद्यावर काहीतरी अक्षरं आली आणि खेळ संपला.

धोंडूबाई खाली स्टुलावर बसली.  दिवसभर ती त्या म्हाताऱ्याला पोरांना बडवताना बघत होती. तिच्यावर त्यानं हात उचलला नव्हता. दुसरा कोणी असता तर मशीनला काहीतरी झालंय म्हणाला असता. ती आई होती, तिला दुसरंच वाटलं, आणि जे वाटलं ते तिला गोड वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दुपारी तिनं स्वतःच्या बटव्यातून रुपया काढला आणि मशीनमध्ये टाकला. हात लावला नाही. वेण्यांची पोरगी आली, म्हातारा आला, उभा राहिला. मग हे रोजचंच झालं. दीडच्या सुमाराला ती शटर अर्धं खाली ओढायची, नाणं टाकायची आणि हात पाठीमागे घेऊन समोर उभी राहायची. घरातलं काय काय ती त्याला मनातल्या मनात सांगायची. दीपेशच्या पोरीचे दात आले, आंब्याला मोहर धरला, मागल्या दारी गोडाऊनची भिंत उठली. तीन फेऱ्या, म्हणजे पाच मिनिटांच्या आत सगळं सांगून व्हायचं. एकदा दीपेश जेवणाचा डबा विसरला म्हणून मधेच घरी आला. अर्ध्या शटरखालून त्यानं आईला मशीनपुढे उभी बघितली आणि तसाच मागे फिरला. त्यानं कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही.

वर्षभरानंतर, दोन हजार पाचच्या दिवाळीच्या सुमाराला तिच्या एक गोष्ट लक्षात आली. मशीनच्या काचेवर उजव्या अंगाला एक उभा ओरखडा होता, कोणा हमालाच्या कड्याचा. म्हातारा पहिल्यापासून त्या ओरखड्याच्या पलीकडे उभा राहायचा. आता तो ओरखड्यावर उभा होता.

आधी तिला वाटलं, आपले डोळे गेले. मग तिनं मासळीवालीच्या सवयीनं बोटं लावली. वेण्यांची पोरगी आणि म्हातारा यांच्यामध्ये सहा बोटं अंतर होतं. आठ दिवसांनी पुन्हा लावली, तेवढंच. महिन्यानं लावली, तर पाचच. तिनं कधी त्याला पाऊल टाकताना बघितलं नाही. नव्व्याण्णव आकडे तो ढिम्म उभा असे. पण दुसऱ्या महिन्यात तो आणखी अलीकडे उभा असे.

धोंडूबाईला भीती वाटली. खोटं कशाला सांगायचं, त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. गावात असलं काही झालं की लोक भगताकडे जातात, आणि भगत काय करतो ते तिला माहीत होतं. तो येणाऱ्याची वाट बंद करतो. आपल्या पोराची वाट आपणच बंद करायची, हे तिच्यानं होणार नव्हतं. म्हणून ती कोणाशी बोलली नाही, बोटं मात्र मोजत राहिली. संक्रांतीला चार बोटं उरली. होळीला तीन. जवळ आल्यावर तो काय करणार, हा एकच विचार तिच्या डोक्यात दिवसभर घोळत असे. मिठी मारेल की मारेल, हे तिला ठरवता येत नव्हतं. पण तो यावा असं तिला वाटत होतं, आणि येऊ नये असंही वाटत होतं.

नेमक्या त्याच उन्हाळ्यात नवा पार्ट आला. दापोड्याच्या दुकानदारानं तो पहिला लावला आणि या वेळी तिला विचारायलाही आला नाही. मे महिन्याची सुट्टी लागली आणि तिचा गाळा ओस पडला. पोरं तिच्या दारावरून सायकली मारत दापोड्याला जायची, लाजेनं इकडे बघायची नाहीत. दीपेशनं हिशोब मांडला. त्याचा पगार, पोरीचं औषधपाणी, गाळ्याचं वीजबिल. भिवंडीचा सुफियान म्हणून एक बोर्डांचा व्यापारी होता, तो जुना बोर्ड घेऊन नवा द्यायला तयार होता. मात्र महिना संपायच्या आत, कारण पुढे जुन्या बोर्डाला कोणी विचारणार नव्हतं. दीपेश म्हणाला, आये, नवा लावू, नाहीतर गाळा भाड्यानं देऊ. दोन्हीत जुना बोर्ड जातोच.

धोंडूबाईनं त्या दुपारी बोटं लावली. एकाच बोटाचं अंतर उरलं होतं.

ती म्हणाली, मी आधी बघते. दीपेशला वाटलं, नेहमीसारखी दहाव्या दिवशी जाऊन पोरांची तोंडं बघेल. ती तशी दापोड्याला जाऊन बसलीसुद्धा. हरलेली पोरं खिशात हात घालत होती. जुन्या गड्यांना हात ओळखत होता. मासळी ताजी होती. पण तिला जे बघायचं होतं ते चार पोरांसमोर बघता येण्यासारखं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी ती रिक्षा करून भिवंडीला सुफियानच्या दुकानात गेली.

सुफियान तिशीचा, घरची पिढीजात वखार सोडून या धंद्यात पडलेला. भाविक त्याचं जुनं गिऱ्हाईक, त्यामुळे मावशीला तो फार मान द्यायचा. त्यानं खुर्ची पुसली, थंड मागवलं. तिनं नवा पार्ट लावायला सांगितलं, नाणं टाकलं आणि हात पदराखाली घेऊन उभी राहिली. सुफियान चकित होऊन बघत राहिला.

नव्यातही निवडायची वेळ संपली, नव्यातही मशीननं वेण्यांची पोरगी दिली. म्हातारा आला, अंगरख्याचा रंग आता निळा होता. घंटा झाली आणि तो झेपावून अंगावर आला. एक, दोन, तीन फटके, पोरगी आडवी. दुसऱ्या फेरीतही तेच. पुरतं अर्धं मिनिटही लागलं नाही.

सुफियान मशीनजवळ आला. "मावशी, नव्यात ती खोट काढली त्यांनी. पुराने में बुढ्ढा खडाच राहायचा ना."

"कोनापुढं?" तिनं विचारलं.

"सगळ्यांपुढे. ती जुन्या बोर्डातली चूक होती. समोरच्यानं बटणाला हात लावला नाही, तर बुढ्ढ्याला कळायचंच नाही काय करायचं ते. आमच्याकडे दहा बोर्ड होते, दसों में वही."

दीड वर्ष जिच्या जोरावर ती उभी होती ती गोष्ट दहा बोर्डांतली एक चूक निघाली होती, आणि कंपनीनं ती दुरुस्तही केली होती. तिला संताप आला, सुफियानचा नाही, कंपनीचाही नाही, स्वतःचाच. चाळीस वर्षं लोकांना फसवणाऱ्या बाईनं असं फसावं, याचा. ती उठली आणि दारापर्यंत गेली. तिथं तिला बोटांचं माप आठवलं आणि ती थांबली.

"उभा ऱ्हायचा," ती म्हणाली. "आनि फुडं यायचा का? रोज जरा जरा?"

"पुढे?" सुफियान हसला. "नाही मावशी. तो जागचा हलायचाच नाही. दहा साल पडा रहे तो भी वहीं खडा मिलेगा."

ती परत निघाली. रिक्षात तिनं आपलं एक बोट दुसऱ्या हातात धरून ठेवलं होतं. घरी आल्यावर तिनं दीपेशला सांगितलं, नवा पार्ट चांगला आहे, घे. दीपेशला आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाजही वाटली. सुफियान शनिवारी चार वाजता टेम्पो घेऊन येणार असं ठरलं. धोंडूबाईनं मनाशी वेगळं ठरवलं होतं. शनिवारच्या दुपारपर्यंत म्हातारा पोचला तर बोर्ड द्यायचा नाही, मग गाळा गेला तरी चालेल. आणि नाही पोचला तर सुफियान म्हणतो ते खरं, बोटं आपलीच थरथरत होती असं समजायचं.

शनिवारी सकाळपासून वीज नव्हती. भारनियमन दहा ते एक, पण त्या दिवशी सव्वा झाला, दीड झाला, पावणेदोन झाले. ती मशीनपुढे स्टूल टाकून बसून होती. दोनला पंखा फिरला, पडदा पेटला. तिनं शटर अर्ध्यावर ओढलं आणि नाणं टाकलं. हात तिनं नेहमीसारखे पाठीमागे घेतले नाहीत. नीट बघता यावं म्हणून ती पुढे वाकली आणि डावा हात तिनं मशीनच्या फळीवर टेकवला, गडी चालवायच्या दांड्याच्या शेजारी.

मधलं एका बोटाचं अंतर नव्हतं. म्हातारा वेण्यांच्या पोरीला लागून उभा होता. त्याची दाढी तिच्या खांद्याच्या वर होती, दोघांची छाती एका वेळी वर होत होती आणि एका वेळी खाली. धोंडूबाईचा श्वास कधी त्याच तालात गेला तिला कळलं नाही. आकडे उतरत होते. ऐंशी. सत्तर. रस्त्यावर एकही गाडी नव्हती.

साठच्या आसपास त्याचा उजवा हात हलला. पाच वर्षं ती या खोक्यासमोर बसली होती. म्हाताऱ्याचा गुद्दा, त्याची लाथ, उडी, गिरकी, सगळं तिला पोरांइतकंच पाठ होतं. ही त्यातली कुठलीच चाल नव्हती. हात सावकाश वर आला, बाही कोपरापर्यंत घसरली, पंजा उघडा होता. तो पंजा पोरीच्या तोंडाकडे येत होता. आणि म्हातारा या सगळ्या वेळात पोरीकडे बघत नव्हता. त्याचं तोंड काचेकडे वळलं होतं, काचेच्या अलीकडे.

धोंडूबाई दचकली. दीड वर्ष वाट बघितलेली बाई, तिनं काय करायला हवं होतं हे सांगणं सोपं आहे. पण भीती माणसाला विचारून येत नाही. तिच्या डाव्या हातानं दांडा धरला आणि मागे ओढला. पडद्यावरची पोरगी एक पाऊल मागे सरली.

म्हाताऱ्याचा हात तसाच राहिला, जिथे मघाशी पोरीचं तोंड होतं तिथे. एक्केचाळीस. चाळीस. मग तो हात खाली आला. म्हातारा पावलं मागे टाकत टाकत ओरखड्यापर्यंत गेला, ओरखड्याच्या पलीकडे गेला आणि पडद्याच्या त्या टोकाला जाऊन उभा राहिला. धोंडूबाईनं दांडा सोडला होता. ती त्याला म्हणाली, अरे न्हाय रे, घाबरली मी, ये. मोठ्यानं म्हणाली. आकडा शून्यावर आला.

दुसऱ्या फेरीची घंटा झाली आणि म्हातारा झेपावला. तीन फटके. तिसऱ्या फेरीतही तीन फटके. जुन्या पार्टातला म्हातारा, ज्याला समोरच्यानं हात लावला नाही तर काय करायचं कळत नाही म्हणतात, तो तिला कुठल्याही पोराला मारावं तसा मारत होता.

तिनं बटवा उलटा केला. जेवढी नाणी होती तेवढी फळीवर मांडली आणि एकेक टाकत गेली. प्रत्येक वेळी तिनं हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले, बोटात बोट अडकवून, की चुकूनही पुढे येऊ नयेत. वेण्यांची पोरगी येई, मार खाई, पडे. म्हातारा एकदाही थांबला नाही, एकदाही काचेकडे वळला नाही. मारू दे, ती म्हणत होती. मार खायला ती तयार होती. तिला फक्त एकदा पुन्हा तो उघडा पंजा हवा होता. अकरा नाणी संपली.

चारला टेम्पो आला. सुफियाननं शटर वर केलं आणि मावशीचा चेहरा बघून तो उंबऱ्यातच थांबला. दीपेश त्याच्या मागून आत आला. फळीवरचा रिकामा बटवा त्यानं बघितला, आईचे पाठीमागे बांधलेले हात बघितले. अर्ध्या शटरखालून एकदा बघितलेलं तो विसरला नव्हता. तो सुफियानला हातानं थांब म्हणाला आणि आईजवळ गेला.

"आये, नसंल द्यायचा तर ऱ्हाऊ दे," तो हळूच म्हणाला. "गाळ्याचं मी बगतो कायतरी. मना म्हायती हाय, तू हितं का उभी ऱ्हातंस ते."

धोंडूबाईनं हात सोडले. बोटं एकमेकांत रुतून पांढरी पडली होती.

"ने त्याला," ती म्हणाली. "दीड वरीस चालत आला माज्यापत्तूर. आनि आला तवा मीच माघारी सरली."

 दीपेशनं मशीनची पिन काढली, आणि सुफियाननं मागची फळी उघडून बोर्ड बाहेर घेतला. तो अजून गरम होता, म्हणून त्यानं फडक्यात धरला.